रॉजर शर्मन अथवा तडजोडीचे मोल

कायदे करणाऱ्या पुरुषांची चरित्रे वाचू लागले म्हणजे डोळ्यांपुढे प्रथम वक्ते उभे राहतात. ज्याने सभा गाजविली, ज्याच्या वाक्यावाक्याला टाळ्या पडल्या, तोच मोठा, अशी समजूत आपल्याकडे, आणि इतरत्रही, रूढ होऊन बसली आहे. परंतु कायदा ही टाळ्यांची वस्तू नव्हे. भाषण हवेत विरून जाते, कायदा मागे राहतो. आणि त्याचे बरेवाईट फळ ज्यांना भोगावे लागते ते लोक बहुधा सभागृहाच्या बाहेर असतात. म्हणून आज आम्ही वाचकांपुढे अशा एका कायदेकर्त्याचे चरित्र मांडणार आहो की, ज्याला वक्तृत्वाची देणगी मुळीच नव्हती, ज्याच्या अवघडलेल्या हातवाऱ्यांची त्याचे मित्रदेखील थट्टा करीत, आणि तरीही ज्याने राज्यरचनेत बसविलेला एक सांधा सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ जागचा हललेला नाही. त्याचे नाव रॉजर शर्मन.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा पाया ज्यांवर रचला गेला असे चार लेख आहेत. पहिला, ब्रिटिश मालावर बहिष्कार घालण्याचा १७७४ सालचा करार. दुसरा, १७७६ सालचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा. तिसरा, तेरा संस्थानांच्या संघाचा करारनामा. आणि चवथा, १७८७ सालची राज्यघटना. वॉशिंग्टनची सही स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर नाही. जेफर्सनची राज्यघटनेवर नाही. या चारही लेखांवर ज्याची सही आहे असा पुरुष एकच, आणि तो शर्मन. असे असता त्याचे नाव अमेरिकेबाहेर क्वचितच कोणी घेतो. आम्ही ते घेत आहो ते केवळ स्तुतीसाठी नव्हे. या पुरुषाच्या हातून एक अत्यंत शहाणपणाची तडजोड झाली आणि त्याच हातून, त्याच सभेत, एक अत्यंत अनिष्ट तडजोडही झाली. या दोहोंत भेद कोणता, हे ज्याला समजले त्याला राजकारणातील पुष्कळच समजले असे म्हणण्यास हरकत नाही.

शर्मनचा जन्म मॅसॅच्युसेट्समधील न्यूटन या गावी १७२१ साली झाला. बाप शेती करी आणि जोडे शिवी. मुलानेही तोच धंदा उचलला. शाळेचा लाभ त्याला बेताचाच झाला. परंतु गावचा धर्मोपदेशक सॅम्युएल डनबर हा हार्वर्डमध्ये शिकलेला गृहस्थ होता, त्याच्या साहाय्याने मुलाला विद्येची गोडी लागली. आरी आणि रापी चालवीत असता शर्मनच्या पुढ्यात नेहमी एखादे पुस्तक उघडे असे, ही आख्यायिका त्या प्रांतात प्रसिद्ध आहे. १७४१ साली बाप वारला. विशीतल्या तरुणावर कुटुंबाचा भार पडला, आणि दोन वर्षांनी सर्व मंडळी कनेटिकटमधील न्यू मिल्फर्ड येथे, जेथे वडील भाऊ आधीच जाऊन राहिला होता, तेथे राहावयास गेली. शर्मन हत्यारे पाठीशी बांधून पायीच गेला, असे सांगतात.

येथे क्षणभर थांबणे अवश्य आहे. ज्या धंद्याचे नाव निघताच आपल्या समाजात पिढ्यानपिढ्या माणसाला उंबऱ्याबाहेर उभे केले गेले, त्या धंद्यातून हा मनुष्य उठला, आणि त्याच्या गावाने त्याला जमिनीच्या मोजणीस लावले, मग विधिमंडळात धाडले, मग न्यायासनावर बसविले. त्याचे कातडे कमावलेले हात न्यायाच्या आड आले नाहीत. श्रमाची लाज नसणे ही गोष्ट समाजाला किती फायद्याची आहे, याचे याहून ठळक उदाहरण शोधावयास नको. तथापि हा देखावा पाहून कोणी एकदम भारून जाऊ नये. त्याच देशात त्याच वेळी एका वर्णाच्या लाखो माणसांचा क्रयविक्रय चालला होता. ते प्रकरण पुढे येईलच.

१७४५ साली शर्मनची परगण्याचा भूमापक म्हणून नेमणूक झाली. गणितात त्याची गती उत्तम होती. १७५०पासून सुमारे दहा वर्षे तो स्वतः गणित करून पंचांगे प्रसिद्ध करीत असे. भावाबरोबर त्याने न्यू मिल्फर्डला दुकानही घातले. आणि या दुकानाच्या गल्ल्यावरच त्याला राज्यशास्त्राचा पहिला धडा मिळाला. आमच्या व्यापारी वाचकांनी तो लक्ष देऊन ऐकावा.

त्या काळी निरनिराळ्या वसाहती आपापल्या कागदी नोटा काढीत. शेजारच्या ऱ्होड आयलंडने त्या इतक्या सढळ हाताने काढल्या की, त्यांची किंमत दरसाल उतरत चालली. या नोटा कनेटिकटच्या बाजारातही फिरत. परिणाम असा होई की, दुकानदाराने आज उधारीवर माल द्यावा, ऋणकोने दोन वर्षांनी उतरलेल्या नोटांत तेवढाच आकडा पुढे करावा, आणि आकडा जुळला म्हणून ऋण फिटले असे म्हणावे! धनकोच्या पदरी निम्माशिम्मा माल आला तरी तक्रारीस जागा नाही. दुकानदाराची एक वेळ गोष्ट सोडा. ज्या विधवेचे किंवा पोरक्या मुलांचे सारे वित्त व्याजी लावलेले, त्यांचे तर घरच बसे. शर्मनने १७५२ साली टोपणनावाने एक छोटे पुस्तक छापून या प्रकारावर हल्ला केला. त्याच्या म्हणण्याचे सार एवढेच की, नाणे हे देवघेवीचे माप आहे. जे माप रोज लहान होते ते माप खोटे. आणि खोटे माप वापरणे जर धर्माने व कायद्याने गुन्हा आहे, तर खोटे नाणे गळ्यात बांधणे हाही गुन्हाच आहे. विचार साधा आहे. पण तो विद्वानाच्या अभ्यासिकेतून आलेला नसून तागडी धरणाऱ्या माणसाच्या अनुभवातून आला आहे, हे त्याचे बळ होय.

असा विचार सुचणे निराळे आणि पस्तीस वर्षे तो धरून बसणे निराळे. १७८७ साली फिलाडेल्फियाच्या घटनासभेत या प्रश्नाची वेळ आली, तेव्हा संस्थानांना कागदी नोटा काढण्याची आणि सोन्यारुप्याच्या नाण्यावाचून दुसरी कोणतीही वस्तू कर्जफेडीस सक्तीची करण्याची पूर्ण मनाई करावी, ही सूचना पेनसिल्व्हेनियाचा जेम्स विल्सन आणि शर्मन या दोघांनी मिळून आणली. ती मान्य झाली आणि आजही अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या कलमात ती वाचावयास मिळते. न्यू मिल्फर्डच्या दुकानातील उधारीची वही अशा रीतीने एका राष्ट्राच्या मूळ कायद्यात जाऊन पोहोचली.

मधल्या काळाचा वृत्तांत थोडक्यात सांगतो. कायद्याचे शिक्षण कोणत्याही विद्यालयात न घेता १७५४ साली शर्मन वकील झाला. पुढल्याच वर्षी वसाहतीच्या विधिमंडळात निवडून आला. १७६१ साली तो न्यू हेवनला गेला आणि येल विद्यालयाच्या शेजारी दुकान थाटून तेथील विद्यार्थ्यांना पुस्तके विकू लागला. ज्याने स्वतः महाविद्यालयाची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढली नाही, त्याच्याच हाती १७६५ साली येलने आपला खजिना दिला आणि तो अकरा वर्षे त्याच्याकडे ठेवला. १७६६ साली तो वरिष्ठ न्यायालयाचा न्यायाधीश झाला. १७७४ साली वसाहतींच्या काँग्रेससभेवर गेला. १७७६ साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा तयार करण्यासाठी जी पाच जणांची समिती नेमली गेली तीत जेफर्सन, ॲडम्स, फ्रँकलिन आणि लिव्हिंग्स्टन यांच्या पंक्तीस तो होता. १७८४ साली न्यू हेवनचा पहिला नगराध्यक्ष झाला तो मरेपर्यंत. एकाच माणसाने एकाच वेळी न्यायाधीशही असावे आणि विधिमंडळाचा सभासदही असावे, ही गोष्ट आजच्या दृष्टीने दोषास्पद आहे, आणि आम्ही तिचे समर्थन करीत नाही. परंतु इतकी कामे हाती असता त्याने त्यांतून आपले घर भरले असे त्याच्या शत्रूंनीही म्हटले नाही. उलट युद्धाच्या दिवसांत त्याची सांपत्तिक स्थिती खालावलीच.

त्याच्या स्वभावाची एक गोष्ट सांगतात. न्यू मिल्फर्डला नदीवर पूल झाला, तेव्हा समारंभास शर्मनला बोलाविले आणि भाषणाचा आग्रह झाला. तो उठला, पुलावर काही पावले चालून गेला, परत आला, आणि पूल पक्का दिसतो, एवढेच बोलून खाली बसला! गोष्ट खरी असो वा रचलेली असो, मनुष्य असाच होता. घटनासभेतील जॉर्जियाचा प्रतिनिधी विल्यम पियर्स याने सहकाऱ्यांची जी शब्दचित्रे लिहून ठेविली, त्यांत शर्मनच्या ओबडधोबड रूपाची आणि भाषेची चेष्टा करून शेवटी त्याच्या अंतःकरणाच्या निर्मळपणाची व बुद्धीच्या स्वच्छपणाची वाखाणणीच केली आहे.

आता त्या सभेकडे वळू. १७८७च्या उन्हाळ्यात, दारे बंद करून, संस्थानांचे प्रतिनिधी नवी राज्यघटना तयार करीत होते. शर्मन तेव्हा छासष्ट वर्षांचा होता. त्याच्याहून वडील असा एक फ्रँकलिनच. सभेचे गाडे ज्या चिखलात रुतले तो प्रश्न असा : नव्या विधिमंडळात कोणत्या संस्थानास किती मते? थोड्याच वर्षांनी, १७९० साली, झालेल्या पहिल्या खानेसुमारीत व्हर्जिनियाची लोकसंख्या सुमारे ७ लक्ष ४७ हजार भरली आणि डेलावेरची ५९ हजार. मोठी संस्थाने म्हणत, माणसांच्या प्रमाणात मते असावी. तसे न केल्यास आमच्या बारा जणांची किंमत तुमच्या एकाएवढी ठरेल. लहान संस्थाने म्हणत, आम्ही बरोबरीने युद्धात उतरलो, बरोबरीने संघात आलो; आता संख्येखाली चिरडले जाण्यासाठी आम्ही येथे आलो नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, आणि म्हणूनच भांडण कठीण होते.

११ जून रोजी शर्मनने मार्ग सुचविला की, विधिमंडळाच्या दोन सभा आहेतच. त्यांपैकी एकीत लोकसंख्येप्रमाणे प्रतिनिधी असावे आणि दुसरीत, म्हणजे सेनेटमध्ये, प्रत्येक संस्थानास सारखे मत असावे. त्या दिवशी सूचना एका मताने पडली. दुसरा एखादा वक्ता रुसून घरी गेला असता. शर्मन आणि त्याचे कनेटिकटचे सोबती एल्सवर्थ व जॉन्सन हे पाच आठवडे त्या एकाच मुद्द्याला चिकटून राहिले. आणि १६ जुलै रोजी, चारांविरुद्ध पाच संस्थानांच्या मतांनी, तो मान्य झाला. मॅसॅच्युसेट्सची मते समसमान विभागली गेली म्हणून ते संस्थान मोजणीबाहेर राहिले. इतक्या बारीक सुतावर ते राष्ट्र त्या दिवशी लोंबकळत होते!

या तडजोडीत दोष नाही असे नव्हे. २०२०च्या खानेसुमारीप्रमाणे कॅलिफोर्नियाची वस्ती सुमारे ३ कोटी ९५ लक्ष आणि वायोमिंगची ५ लक्ष ७७ हजार. तरी सेनेटमध्ये दोघांचे सभासद दोनदोनच. कोणत्याही संस्थानाचा हा समान हक्क त्याच्या संमतीवाचून काढता येणार नाही, अशी गाठही शर्मनच्याच आग्रहाने घटनेत मारली गेली. आपल्या देशाच्या घटनाकारांनी ही वाट धरली नाही. राज्यसभेत महाराष्ट्राला एकोणीस जागा आहेत आणि गोव्याला एक. तेव्हा शर्मनची योजना सर्वत्र उत्तमच आहे असा आमचा दावा नाही. आमचे म्हणणे इतकेच की, ती तडजोड प्रामाणिक होती. मोठ्यांनी आपल्या हक्कातले काही सोडले, लहानांनी आपल्या हक्कातले काही सोडले, आणि सोडणारे दोघेही समोरासमोर बसलेले होते.

अशीच दुसरी गोष्ट १७८९ सालची. लोकांच्या मूलभूत हक्कांची सनद घटनेत पाहिजे, या मताच्या शर्मन मूळचा विरुद्ध होता. संस्थानांच्या सनदा आहेत तेवढ्या पुरेत, असे त्याने घटनासभेत सांगितले होते. पुढे तो प्रतिनिधिसभेवर निवडून गेला. लोकमत सनदेच्या बाजूचे आहे असे दिसताच त्याने हट्ट धरला नाही, सनद तयार करणाऱ्या समितीत बसून काम केले. मात्र मॅडिसनचा विचार दुरुस्त्या मूळ कलमांच्या ओळींत मिसळून टाकण्याचा होता, त्याला शर्मनने कसून विरोध केला. ज्या लेखावर लोकांनी संमती दिली तो लेख जसाच्या तसा राहू द्या, आणि दुरुस्त्या शेवटी वेगळ्या जोडा, म्हणजे जुने काय आणि नवे काय हे कोणासही दिसेल, हे त्याचे म्हणणे. जमाखर्चाची वही लिहिणारा मनुष्य खाडाखोड करीत नाही, खाली नवी नोंद घालतो. त्यातलाच हा प्रकार. सभेने शेवटी तेच मानले. आज अमेरिकेत पहिली दुरुस्ती, चौदावी दुरुस्ती, असे जे क्रमाने म्हटले जाते, ते या आग्रहाचे फळ आहे. येथेही शर्मनने जे सोडले ते स्वतःचे मत होते. सोडण्याचा अधिकार त्याचा होता.

आता दुसरी बाजू. ज्या माणसाने नाण्याच्या खोटेपणाविरुद्ध पस्तीस वर्षे वैर धरले, त्याला गुलामगिरीचा खोटेपणा दिसत नव्हता काय? दिसत होता, आणि हेच दुःख आहे. घटनासभेच्या थोडे आधी त्याने रिचर्ड लॉ या सहकाऱ्याच्या जोडीने कनेटिकटच्या सर्व कायद्यांची फेररचना केली होती. त्या संहितेत, १ मार्च १७८४ नंतर गुलाम स्त्रीच्या पोटी जन्मलेले मूल पंचविसाव्या वर्षी स्वतंत्र होईल, असा नियम घातला गेला. घटनासभेत ८ ऑगस्ट रोजी त्याने गुलामांचा व्यापार अधर्म्य आहे असे स्पष्ट म्हटले. आयात होणाऱ्या गुलामांवर जकात बसविण्याच्या वेळी, अशाने माणूस ही मालमत्ता आहे असे कबूल केल्यासारखे होते, हाही आक्षेप त्याने घेतला. परंतु दक्षिणेकडील संस्थानांनी, हा व्यापार बंद कराल तर आम्ही संघात येणार नाही, असा धाक घालताच, त्याच शर्मनने २२ ऑगस्ट रोजी सल्ला दिला की, हा विषय आहे तसा राहू द्यावा. एकेका संस्थानाचा सुज्ञपणा हळूहळू हे काम आपोआप पुरे करील. व्यापाराला १८०८पर्यंत अभय मिळाले. प्रतिनिधींची संख्या ठरविताना दर पाच गुलामांमागे तीन माणसे धरावी, असेही ठरले. म्हणजे ज्याला मत नाही, घर नाही, स्वतःच्या लेकरावर हक्क नाही, अशा माणसाच्या मोजणीने त्याच्या धन्याचे वजन विधिमंडळात वाढले.

आणि ते काम आपोआप पुरे झाले काय? १७९० साली त्या देशात गुलाम होते सुमारे ७ लक्ष. १८६० साली ते झाले सुमारे साडेएकोणचाळीस लक्ष. १८६१ ते १८६५ या चार वर्षांच्या यादवीत सहा लक्षांहून अधिक सैनिक मेले, तेव्हा कोठे १८६५च्या तेराव्या दुरुस्तीने हा कलंक कायद्यातून पुसला गेला. त्या बंधमुक्तीचा प्रतिध्वनी महाराष्ट्रातही उमटला. जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना, त्यांनी निग्रोंच्या दास्यविमोचनासाठी दाखविलेल्या औदार्याबद्दल आणि स्वार्थत्यागाबद्दल, अर्पण केला. पुण्याच्या त्या पुरुषाने अमेरिकेत जे पूजनीय मानले ते १७८७च्या चतुर तडजोडीचे नव्हे, ती तडजोड मोडून काढणाऱ्यांचे कर्तृत्व होय.

शर्मनचे समर्थक म्हणतील, आणि त्यात अगदीच तथ्य नाही असे नाही, की त्या वेळी हट्ट धरला असता तर संघच झाला नसता. कदाचित झाला नसता. परंतु संघ झाला म्हणून त्याची किंमत कोणी भरली, हा प्रश्न मिटत नाही. सेनेटच्या तडजोडीत देणारे आणि घेणारे दोघेही सभेत बसले होते. गुलामांच्या तडजोडीत देणारे एक, घेणारे दुसरे, आणि ज्याची मान दिली गेली तो तिसरा दाराबाहेर होता. उतरलेल्या नोटा देऊन ऋण फेडणारा ऋणको धनकोला फसवितो, हे शर्मनने तरुणपणी ओळखले होते. येथे मात्र आपल्या पिढीचे ऋण त्याने पुढल्या पिढीच्या नावे लिहिले, आणि ते व्याजासकट फिटावयास अठ्ठ्याहत्तर वर्षे आणि लाखो प्राण लागले.

२३ जुलै १७९३ रोजी शर्मन न्यू हेवन येथे बहात्तराव्या वर्षी वारला. तेव्हा तो सेनेटचा सभासद होता. त्याचा पुतळा वॉशिंग्टनच्या विधिमंडळभवनात उभा आहे, आणि तो मान त्याला साजतो. आम्ही त्याला लहान करण्यासाठी हे लिहिले नाही. सामान्य चांगुलपणाचा मनुष्य जेथे घसरतो तेथे तोही घसरला, आणि तो इतका सचोटीचा होता म्हणूनच त्याच्या घसरण्यापासून शिकण्यासारखे आहे.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळ जण नगरपालिकेत, बाजारसमितीत, शाळांच्या व पेढ्यांच्या मंडळांवर बसतात. तेथे रोज तडजोडी होतात आणि व्हाव्याही. एकच हेका धरून बसणाऱ्याच्या हातून लोकांचे काम होत नाही. परंतु हात वर करण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या धंद्यातलाच एक प्रश्न स्वतःला विचारावा : या व्यवहारात खर्च ज्याच्या नावे पडत आहे, तो मनुष्य या खोलीत हजर आहे काय? रस्ता रुंद करण्यासाठी ज्याची झोपडी जाणार, पाण्याचा नळ ज्या आळीला मिळणार नाही, ज्या मजुराचा रोज कापून शिल्लक दाखविली जाणार, त्याला कोणी विचारले आहे काय? तो हजर असेल आणि राजी असेल, तर खुशाल सही करावी. तो दाराबाहेर उभा असेल, तर ठराव कितीही सोयीचा दिसो, लेखणी खाली ठेवून आधी दार उघडावे.